सेंगोकू पटखेळ, चौथी आवृत्ती: रसद जमली, फितुरी बरीचशी जमली, समुद्र बाकी

चौथ्या आवृत्तीचा नकाशा आणि नियम आता खेळण्याजोगे झाले आहेत. काळ जपानच्या सेंगोकू म्हणजे घराण्यांच्या आपसांतल्या युद्धांच्या युगातला, १५७० ते १५८३; खेळाडू दोन ते चार. पूर्वेला हिताचीपासून पश्चिमेला बित्चूपर्यंत ३६ प्रांत, रस्त्यांनी जोडलेले. वर्षाच्या सहा फेऱ्या, दोन-दोन महिन्यांच्या, मार्च-एप्रिलपासून सुरू. एक लाकडी ठोकळा म्हणजे १००० माणसं. ठोकळा उभा ठेवायचा, चिठ्ठीची बाजू आपल्याकडे, म्हणजे समोरच्याला संख्या दिसते पण कोण आहे ते कळत नाही.

तिसऱ्या आवृत्तीबद्दल सगळ्यांची एकच तक्रार होती: पहिल्या दोन वर्षांत जो पुढे जातो तोच जिंकतो, उरलेला डाव नुसता ओढायचा. ‘टोटल वॉर: शोगुन २’ या संगणकावरच्या खेळात यावर उपाय म्हणून एका टप्प्यानंतर जवळजवळ सगळी घराणी तुमच्यावर उलटतात. तो उपाय आम्हाला नको होता, कारण त्यात उलटणाऱ्याला स्वतःचं कारणच नसतं. पुढे गेलेल्याला जे खरोखर अडवत होतं, तेच पटावर आणायचं, एवढं ठरवून नियम पुन्हा लिहिले.

सुरुवात तांदळापासून. प्रांतांचे आकडे १५९८च्या नोंदींवरून घेतले आहेत: ओमी सुमारे पावणेआठ लाख कोकू (तांदळाचं माप), ओवारी पावणेसहा लाखांच्या आसपास, शिनानो चार लाखांच्या वर, मिकावा तीन लाखांना थोडे कमी, काई जेमतेम सव्वादोन लाख. दर ५०,००० कोकूंना एक गुण, त्यामुळे ओमी १६, ओवारी ११, शिनानो ८, मिकावा ६, काई ५. दहा हजार कोकूंमागे अडीचशे-तीनशे माणसं हा ढोबळ हिशेब धरला तर एका गुणाला साधारण एक ठोकळा उभा राहतो आणि गढ्यांची शिबंदी वेगळी उरते. इथपर्यंत काही बदललेलं नाही.

बदललं ते सैन्य पोसण्याचं गणित. अशा बहुतेक खेळांत सैन्य जितकं मोठं तितका तिजोरीतला तांदूळ कमी होतो. आपल्याकडेही १० ठोकळ्यांना फेरीला २ गुण, म्हणजे एक लाख कोकू लागत होते. आता खरा हिशेब मांडू. एक कोकू म्हणजे १८० लिटर, वजनात साधारण १५० किलो तांदूळ. एका कोकूचे १००० गो. सैनिकाला दिवसाला ६ गो धरले तर १०,००० माणसांना दिवसाला ६० कोकू, दोन महिन्यांना ३,६०० कोकू. ओमीच्या पिकाच्या हा अर्धा टक्काही नाही, आणि जुना नियम त्याच्या अठ्ठावीसपट वसूल करत होता.

तांदूळ होता, तो सैन्यापर्यंत पोचवणं अवघड होतं. गोणी ०.४ कोकूची धरली आणि घोड्यावर दोन गोण्या लादल्या तर एका घोड्यावर ०.८ कोकू. दहा हजारांच्या फक्त एका दिवसाच्या शिध्याला ७५ घोडे, दहा दिवसांच्या शिध्याला ७५०. घोड्यांचा चारा आणि हाकणाऱ्यांचं खाणं वेगळंच. म्हणून तांदूळ खर्च करण्याचा नियम पूर्ण काढून टाकला आणि त्याजागी कोठारं आणली.

प्रत्येक खेळाडूला ७ कोठारं. एक कोठार ८ ठोकळ्यांना पुरतं. तोकाईदो किंवा नाकासेंदोसारख्या राजरस्त्यावर त्याचा पल्ला २ प्रांत, डोंगरी वाटेवर १, बिवा सरोवरावर किंवा किनाऱ्याने नावा असतील तर ३. नवीन कोठार आधीच्या कोठाराच्या पल्ल्यातच मांडता येतं आणि एका फेरीत एकच. पल्ल्याबाहेर गेलेलं सैन्य शत्रूचं उभं पीक कापून एक फेरी भागवू शकतं. त्या प्रांतावर ‘उजाड’ खूण ठेवायची, पुढच्या कापणीला त्याचे गुण निम्मे. दुसऱ्या फेरीपासून दर चार ठोकळ्यांमागे एक काढायचा, अपूर्णांक वर धरायचा.

पुढे गेलेल्या खेळाडूला याने खरंच लगाम बसतो. वीस ठोकळे जमवले तरी ते एका रस्त्याने जाऊ शकत नाहीत, तीन वाटा लागतात, आणि सात कोठारांत तीन वाटा लांबवर जात नाहीत. लहान घराण्याने मागचं एक कोठार जाळलं की पुढची आख्खी फळी उपाशी. आधी कोठारं १० ठेवून पाहिली, तेव्हा कुणालाच काही टोचत नव्हतं. ५ ठेवली तर कुणी घरातून बाहेर पडेना.

याच नियमातून एक गोष्ट आपोआप बसली, तिचा आम्हाला फार आनंद आहे. जून १५८२मध्ये क्योतोच्या होन्नोजी मठात ओदा नोबुनागावर त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, हल्ला केला आणि त्यात नोबुनागा संपला. ही बातमी आली तेव्हा नोबुनागाचा दुसरा सरदार हिदेयोशी बित्चूत ताकामात्सूच्या वेढ्यावर होता. तिथून साधारण २०० किलोमीटर परत येऊन त्याने यामाझाकीला मित्सुहिदेला गाठलं. वाटेत हिमेजीची गढी त्याची स्वतःची, भरलेली. त्यावरून नियम केला: सलग स्वतःच्या कोठारांच्या साखळीवरून मागे येणारं सैन्य २ ऐवजी ४ प्रांत चालू शकतं, मात्र प्रत्येक प्रांतात निदान एक कोठार किंवा गढी हवी. नकाशावर बिझेन, हारिमा, सेत्त्सू, यामाशिरो असे बरोबर चार होतात. ही दौड पुढच्या दिशेने करता येत नाही. ती परवानगी दिली की सगळे पहिल्याच वर्षी क्योतोवर धाड घालतात.

ऋतूंचं थोडक्यात. आपल्याकडचे खेळाडू दसऱ्याच्या सीमोल्लंघनाच्या सवयीने पावसात मोहीम बंद धरतात. जपानात ते गणित लागू नाही. नागाशिनोची लढाई २८ जून १५७५ची, ऐन पावसाळी हंगामातली. मे-जून फेरीत अडचण असते ती लावणीची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीची. त्या दोन फेऱ्यांत निम्म्याहून जास्त ठोकळे स्वतःच्या प्रांताबाहेर असतील तर त्या वर्षीच्या कापणीत दर तीन गुणांमागे एक कमी. ओदाच्या ५ पगारी ठोकळ्यांना ही अट नाही, म्हणून तेवढ्यांवर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा.

बर्फ मात्र पक्का बंद करतो. जानेवारी-फेब्रुवारीत एचिगो, एत्च्यू, कागा, एचिझेन आणि हिदा यांच्यातून आत-बाहेर हालचाल नाही. १५८२-८३च्या हिवाळ्यात हिदेयोशीचा प्रतिस्पर्धी शिबाता कात्सुइए एचिझेनमध्ये बर्फात अडकलेला असताना हिदेयोशीने नागाहामाची गढी ताब्यात घेतली आणि १५८३च्या वसंतात शिझुगाताकेच्या लढाईत हिशेब संपवला. हा डावपेच आता पटावर खेळता येतो. पण एचिगोचं उएसुगी घराणं खेळणारा वर्षातून एक फेरी नुसता बसून राहायचा, तेव्हा त्याला एक सोय दिली: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिकुनी खिंडीतून कोझुकेत उतरून हिवाळा कांतोत काढायचा. उएसुगी केन्शिनने हे १५६०पासून अनेकदा केलं. परतीची वाट मार्चपर्यंत बंद, आणि त्या काळात एचिगोत निदान ३ ठोकळे मागे ठेवलेच पाहिजेत.

वेढ्यांत तोत्तोरीच्या गढीचा नमुना घेतला आहे. १५८१ला हिदेयोशीने आधी व्यापाऱ्यांकरवी त्या भागातला तांदूळ चढ्या भावाने उचलला, मग गावकऱ्यांना गढीत ढकललं, आणि चार महिन्यांच्या आत गढी उपासमारीने पडली. नियम: गढीत ३ फेऱ्यांचा शिधा. वेढ्याच्या आदल्या फेरीत २ सुवर्णनाणी मोजली तर शिधा एकाने कमी. गावं हाकलून आत घातली तर आणखी एकाने, पण तो प्रांत उजाड. सोनं सगळ्यांना सारखं मिळालं की प्रत्येक वेढा असाच होतो. म्हणून सोनं-चांदी फक्त खाणी आणि बंदरांतून: काईच्या खाणींतून फेरीला २, ताजिमातल्या इकुनोच्या चांदीचं १, साकाई बंदराचं १. सव्वादोन लाख कोकूंचा काई ताकेदा घराण्याच्या हातात एवढा जड का होता, ते यातून दिसतं. बंदुकांचे ठोकळेही साकाईशी जोडले, कारण बारुदाचा सोरा मुख्यतः बाहेरून यायचा. साकाई हातात नसेल तर बंदुका वर्षातून एकाच लढाईत चालतात, आणि कुंपणामागे असतील तरच पहिला वार त्यांचा.

सगळ्यात जास्त वेळ फितुरीने खाल्ला. सरदारांची २४ पानं, प्रत्येकावर निष्ठा १ ते ५. पूर्वी लढाईच्या वेळी फासा टाकून निष्ठेहून जास्त आलं की सरदार पलटायचा. खेळाडू चिडायचे ते रास्तच होतं: वर्षभराची आखणी एका फाशावर जायची आणि पलटवणाऱ्यानेही त्यासाठी काही केलेलं नसायचं. सेकिगाहाराची लढाई या पटाच्या काळाबाहेरची, १६००ची, पण यंत्रणा तिच्यावरून उचलली. लढाईआधी एका बाजूच्या तोकुगावा इएयासूने दीडशेहून जास्त पत्रं धाडली होती. शत्रूच्या बाजूचा, मात्सुओ टेकडीवरचा कोबायाकावा हिदेआकी उलटला. नांगू डोंगरावर किक्कावा हिरोइएने पलटी मारली नाही, तो जागचा हलला नाही, आणि त्याच्या मागचं मोरी घराण्याचं सैन्य तिथेच अडकलं. त्या दिवशी दोन्हींची किंमत सारखीच मोठी होती.

तेव्हा आता फासा नाही. प्रत्येकाकडे ६ पत्रं: दोन कोरी, दोनांवर १, एकावर २, एकावर ३. जानेवारी-फेब्रुवारीत शत्रूच्या सरदाराच्या पानाखाली एक पत्र पालथं सरकवायचं. मालकाला पत्र दिसतं, आकडा दिसत नाही. लढाई जुंपली की उलटायचं आणि पत्राचा आकडा अधिक त्या सरदाराच्या गाऱ्हाण्यांच्या खुणा अशी बेरीज निष्ठेशी ताडायची. बेरीज निष्ठेएवढी किंवा एकाने जास्त असेल तर सरदार हलत नाही, ठोकळे जागीच. दोन किंवा अधिकने जास्त असेल तर उलटतो. गाऱ्हाणं मिळतं ते जिंकलेल्या प्रांतात वाटा न दिल्याने, किंवा सरदाराची जहागीर दुसरीकडे हलवल्याने. उएसुगींना १५९८मध्ये एचिगोतून आइझूला हलवलं गेलं होतं, तशी ही बदली.

ओलीस आधी निष्ठेत २ची भर घालायचे. मग सगळे सगळ्यांना ओलीस ठेवत आणि कुणीच उलटत नसे. आता भर १ची, एका गढीत जास्तीत जास्त ४ ओलीस, आणि ती गढी पडली की चारही सरदारांची भर त्याच क्षणी जाते. एवढ्याने ओलिसांची गढी हे स्वतंत्र लक्ष्य झालं. एक भोक अजून आहे: निष्ठा ५च्या सरदाराला फोडायला निदान चार गाऱ्हाणी लागतात, तेवढी साठतच नाहीत. वरची मर्यादा ४ करून पाहा आणि कळवा.

छापाईबद्दल दोन ओळी. नकाशा ए-३च्या दोन तुकड्यांत, मधली शिवण मिनो-ओमी सीमेवर येऊ देऊ नका, सगळी गर्दी तिथेच होते. ठोकळे २ सेंटिमीटरचे. चिठ्ठ्या लेझरवर छापा. इंकजेटची शाई दमट हातांनी पसरते आणि खूण वाचता येत नाही. लाकडाला आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन वाळवलं तर पावसाळ्यात चिठ्ठ्यांचे कोपरे सुटत नाहीत.

समुद्र अजून नीट बसलेला नाही. इशियामा होंगानजी हा ओसाकाचा तटबंद बौद्ध मठ ओदाविरुद्ध १५७०पासून १५८०पर्यंत टिकला, त्यात मोठा हात मोरींच्या नावांतून येणाऱ्या रसदीचा. १५७६ला किझु नदीच्या मुखाशी ओदाची नाकेबंदी फुटली, १५७८ला मोठ्या जहाजांनी ती पुन्हा आवळली. सध्याच्या नियमात किनाऱ्यावरची गढी कोणत्याही गढीसारखी तीन फेऱ्यांत उपाशी पडते. पाचव्या आवृत्तीसाठी मांडणी अशी: सेत्त्सू, इझुमी आणि हारिमाच्या किनाऱ्यांवर तीन समुद्री चौकटी, मोरींना ४ आरमारी ठोकळे, ओदाला २, आरमारवालं कुकी घराणं बाजूने असेल तर ४. चौकट ज्याच्या हातात, त्याने फेरीला एका गढीत एक फेरीचा शिधा उतरवायचा. हे खेळून पाहताना प्रत्येक फेरीनंतर होंगानजीत शिधा किती उरला ते लिहून ठेवा. १५७३च्या आत गढी पडत असेल तर ओदाचे सुरुवातीचे आरमारी ठोकळे २ वरून १ करायचे आहेत.