जुना व्हीसीआर घेताना आणि विकताना

लातूरमधील आमच्या घराच्या माळ्यावर मामांच्या लग्नशूटिंगच्या धंद्यातील सत्तेचाळीस व्हीएचएस कॅसेटी कित्येक वर्षे पडून होत्या. त्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी बाहेर द्याव्यात की कॅसेट चालवणारे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, घेऊन घरीच बसावे, याचा हिशेब मांडला, तेव्हा यंत्र घ्यावे आणि काम संपताच विकून टाकावे, हेच स्वस्त पडेल असे दिसले. मात्र यंत्र जुनेच घ्यावे लागणार होते, कारण जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यापासून नवे यंत्र मिळण्याची वाट जवळपास बंदच झाली आहे.

पहिला व्हीसीआर मी अठराशे रुपयांना घेतला. विकणाऱ्या काकांनी तो आखातातून आणला होता आणि फडक्यात गुंडाळून जिवापाड जपला होता. "चालू हाय की, बघा," म्हणत त्यांनी त्यांच्याच घरची एक कॅसेट लावून दाखवली. चित्र इतके स्वच्छ आले की मी घासाघीस न करता पैसे मोजले. घरी आणून मामांच्या कॅसेटी लावल्या, तर प्रत्येक चित्राच्या वरच्या भागात पांढऱ्या रेघांचा पट्टा दिसू लागला आणि चित्र जुळवून घेण्याचे ट्रॅकिंगचे बटण कितीही फिरवले तरी तो हटेना. यात काकांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. कॅसेटमधून फीत बाहेर ओढून, तिच्यावरचे चित्र वाचणाऱ्या फिरत्या हेडच्या ड्रमभोवती ज्या खुंट्या गुंडाळतात, त्यांची उंची किंचित सरकली, तरी त्याच यंत्रावर भरलेली कॅसेट उत्तम दिसते, कारण रेकॉर्डिंगही त्याच वाकड्या मार्गाने झालेले असते. म्हणून जुना व्हीसीआर पाहायला जाताना दुसऱ्या यंत्रावर भरलेली आपली कॅसेट बरोबर न्यावी, आणि ती यंत्राने चावली तरी चालेल अशीच असावी.

कॅसेट चावली जाण्याचे कारण बहुतेक वेळा हेड नसून रबर असते. फीत पुढे ढकलणारा पिंच रोलर कडक आणि गुळगुळीत झालेला असतो, किंवा गुंडाळणाऱ्या चकतीला फिरवणारे आयडलर घसरू लागलेले असते. मग पुढे आलेली फीत वेळेवर गुंडाळली जात नाही आणि आत तिचा गुंता होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्राकडून याहून वेगळी अपेक्षा करू नये. त्यामुळे कॅसेट दोन मिनिटे चालवून समाधान मानू नये. ती शेवटपर्यंत पुढे पळवावी, मागे आणावी आणि मध्येच थांबवून बाहेर काढून पाहावी. कोऱ्या नोटेने हेड घासून यंत्र 'तयार' करण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी दिसते. तसे केलेले कळले, तर मी ते यंत्र घेत नाही.

दुसरी फसगत होता होता वाचली. ऑनलाइन पाहताना पॅनासोनिकचे एजी-१९८० हे मॉडेल दिसले, ज्यात चित्राची थरथर स्थिर करणारा टाइमबेस करेक्टर आहे आणि ज्याची परदेशात फार वाखाणणी होते. ते अमेरिकेतील एनटीएससी या चित्रपद्धतीचे यंत्र आहे, म्हणजे ५२५ रेषांचे. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, म्हणजे ६२५ रेषांच्या आणि सेकंदाला २५ चौकटींच्या असतात. शिवाय अमेरिकी विजेसाठी बनलेल्या यंत्राला ट्रान्सफॉर्मर वेगळा लागला असता. आपल्या कामासाठी पाल किंवा दोन्ही पद्धती चालवणारे मल्टिसिस्टिम यंत्रच हवे, मग ते नुसते दाखवणारे व्हीसीपी असले तरी हरकत नाही, कारण आपल्याला त्यावर काही भरायचे नसते.

अखेर अंबाजोगाईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून दुसरा व्हीसीआर मिळाला. त्याच्याबरोबर घेतलेले स्वस्त यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारे साधन, मात्र पहिल्याच दिवशी अडखळू लागले, कारण जुन्या फितीतून येणाऱ्या रेषांची वेळ सारखी पुढेमागे होते आणि असे कार्ड गोंधळून चौकटी गाळते. मग आवाज आणि ओठ यांचे जमत नाही. मी पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला. त्यात डिस्क भरायची नव्हती, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा होता, आणि तेवढ्याने चित्र ताठ उभे राहिले. भंगाराच्या भावात येणारी अशी वस्तू कधी कधी व्हीसीआरपेक्षा मोलाची ठरते.

काम पाच महिन्यांत संपले आणि विकण्याची पाळी माझ्यावर आली. जाहिरातीत मी 'चालू स्थितीत' हे दोन शब्द लिहिले नाहीत. पिंच रोलर बदललेला आहे, हायफाय, म्हणजे वरच्या दर्जाच्या वेगळ्या ट्रॅकवरच्या, आवाजात अधूनमधून खरखर येते, रिमोट सोबत आहे, असे सगळे लिहिले. रिमोटचा उल्लेख उगाच नव्हता. अनेक यंत्रांत आवाजाचा ट्रॅक बदलण्याची सोय फक्त रिमोटवरच असते, आणि तो हरवला की किंमत पडते. एका गिऱ्हाइकाने चित्राच्या अगदी तळाशी नाचणारी पट्टी पाहून यंत्र बिघडलेले ठरवले. ती एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याच्या क्षणाची खूण असते, टीव्हीच्या कडेमागे ती लपत असे आणि संगणकावर ती उघडी पडते, एवढेच. हे त्यांना समजावताना मला मीच लबाड दुकानदार असल्यासारखे वाटले.

घेतला तो औसा तालुक्यातील एका शिक्षकांनी. त्यांच्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाआधीच्या एका लग्नाची कॅसेट होती, आणि ती कोणत्याही दुकानात ठेवून जायला त्यांच्या आईची तयारी नव्हती. मी त्यांच्यासमोर माझी चाचणीची कॅसेट पूर्ण चालवली, ती बाहेर काढली, यंत्र रिकामे असल्याची खात्री केली आणि मगच ते बांधले, कारण कॅसेट आत ठेवून हलवलेल्या यंत्रात फीत अडकते. तीन हजार रुपये ठरले. त्यांची कॅसेट खूप दिवस कपाटात बंद होती, म्हणून आधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहून फितीवर बुरशीची पांढरी बुंदकी नाही ना हे तपासावे, असे मी त्यांना दोनदा सांगितले. बुरशी लागलेली एक कॅसेट संपूर्ण हेड भरवून टाकते आणि पुढच्या कॅसेटीलाही डाग देते.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. कॅसेट स्वच्छ निघाली होती, पण आवाज येत नव्हता. मी त्यांना रिमोटवरून हायफाय बंद करून साध्या मोनो ट्रॅकवर जायला सांगितले, आणि फोनवरच सनई ऐकू आली.