दोआई: गाडीतून उतरा आणि चढायला लागा

जपानमधल्या दोआई या रेल्वे स्टेशनला जायचं तर अलीकडच्या मिनाकामीकडून जा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. डोंगरापलीकडच्या नीगाताच्या बाजूने आलात तर उघड्यावरच्या चारचौघांसारख्या फलाटावर उतराल, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच राहून जाईल.

आम्ही दोघं तोक्योहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ताकासाकीला आणि तिथून लोकलने तासाभरात मिनाकामीला पोचलो. पुढच्या गाडीत बसलो. युबिसो हे मधलं स्टेशन येता येताच ती बोगद्यात शिरली आणि दोआईला बोगद्यातच थांबली. बाहेर ऑगस्टचं ऊन, आत हुडहुडी. गाडीचा आवाज विरल्यावर उरलं ते फक्त पाणी ठिबकणं. समोर जिना. वरचं टोक म्हणजे उजेडाचा एक ठिपका.

पायऱ्या ४६२, जिन्याची लांबी ३३८ मीटर. आमच्या पुणेरी हिशेबाने पर्वती साडेचार वेळा! मध्ये सपाट टप्पे आहेत, टेकायला बाकं आहेत, पण लिफ्ट नाही. सरकत्या जिन्यासाठी बाजूला राखलेली जागा तशीच पडून आहे. ती बघत चढताना हिच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. जिना संपला असं वाटतं तेव्हा नदीवरून जाणारा एक बंदिस्त पूल लागतो, आणि त्यापुढे आणखी २४ पायऱ्या.

हे असं का झालं, तर रुळांमुळे. १९३१ साली ९,७०२ मीटरचा शिमिझु बोगदा झाला आणि डोंगरापलीकडे गाडी जाऊ लागली, पण एकेरी मार्गावरून. दोआईला तेव्हा फक्त गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. प्रवाशांचं स्टेशन झालं ते १९३६ मध्ये. १९६७ ला दुसरा मार्ग टाकला, तो १३,४९० मीटरच्या नव्या बोगद्यातून. म्हणजे कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याच्या दुपटीहून लांब. हा मार्ग डोंगराच्या पोटातून खोलवर गेला आणि स्टेशन राहिलं वर, सुमारे ७० मीटर उंचावर. तोक्योकडे जाणाऱ्या गाड्या अजून जुन्याच मार्गाने वरून जातात. जमीन पोखरणाऱ्या प्राण्यावरून जपानी लोक याला ‘मोगुरा स्टेशन’ म्हणतात.

एके काळी इथे गिर्यारोहकांची झुंबड असायची. जवळचा तानिगावा डोंगर दोन हजार मीटरचाही नाही, पण तिथे ८०० हून अधिक जीव गेलेत. रोपवे पायी वीसेक मिनिटांवर आहे. डोंगर त्यातून बघितला तरी चालतो, उगाच मर्दुमकी नको.

१९८५ पासून स्टेशनवर कर्मचारी नाही, म्हणून कागदी तिकीट आधीच काढून ठेवा. गाड्या दिवसाला मोजक्याच. परतीची वेळ ठरवल्याशिवाय निघू नका. मिनाकामीहून बसही येते, पण ती वरच सोडते. पुढे डोंगरापलीकडे युझावाला जायचं असेल तर तोच जिना उतरायचा असतो. गाडीच्या किमान दहा मिनिटं आधी निघा, धावत तर मुळीच उतरू नका, पायऱ्या ओलसर असतात. उन्हाळ्यातही जाकीट हवं. गुडघ्यांची तक्रार असेल तर सरळ बसने या.

परतीची गाडी वरच्या फलाटावरून होती. चार पावलांत पोचलो तशी ही थांबली.

“इकडेही गाडी येते? मग आपण खालून का आलो?”

मी वेळापत्रक वाचायला घेतलं.