एलॉय: काचेआडचा वारा आणि मोकळे आकाश

फिनिक्सहून टूसॉनकडे जाणारा महामार्ग सोडून मी एलॉयच्या दिशेने वळले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता आणि सपाट वाळवंटावर दिवसाच्या पहिल्या विमानातून उडी घेतलेल्यांची रंगीत पॅराशूट एकामागून एक उघडत होती. अ‍ॅरिझोनातले हे छोटे गाव स्कायडायव्हिंग करणाऱ्यांना जगभर ठाऊक आहे. इथे वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते, आणि मुख्य म्हणजे ड्रॉपझोनला, म्हणजे उड्या घेऊन उतरण्याच्या मैदानाला, लागूनच विंड टनेल आहे: खालून वर वाहणाऱ्या वाऱ्यात माणसाला तरंगवणारे काचेचे दालन. सकाळी टनेलमध्ये जे शिकावे ते दुपारी विमानातून उडी घेऊन तपासता यावे, एवढ्याचसाठी मी हा चार दिवसांचा प्रवास ठरवला होता.

तोवर माझ्या लॉगबुकात ६१ उड्यांची नोंद झाली होती आणि प्रत्येक सामूहिक उडीत एकच दुखणे पुन्हापुन्हा वर येत होते. इतर तिघे एकमेकांचे हात धरून वर्तुळ जुळवत आणि मी त्यांच्यापासून दहा-बारा फुटांवर, कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी, तिथेच राहून जाई. बरेच दिवस मला वाटत होते की तेच माझ्यापासून दूर जात आहेत. चार हजार मीटर उंचीवर आजूबाजूला खांब नसतो, भिंत नसते, झाड नसते. आपण मागे सरकतो आहोत की समोरचा पुढे जातो आहे, हे ठरवायला डोळ्यांना काही आधारच मिळत नाही. एकदा एका सहकाऱ्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले आणि सरकणारी मीच आहे हे कळले, पण का सरकते हे मात्र कळले नाही.

शिकण्याच्या दृष्टीने आकाशातला वेळ किती तोकडा असतो, हे आकडे मांडल्यावरच लक्षात येते. १३,००० फुटांवरून उडी घेतली की पहिले हजार फूट पडायला साधारण १० सेकंद लागतात, त्यानंतर वेग स्थिरावतो आणि पुढचा प्रत्येक हजार साडेपाच सेकंदांत संपतो. पॅराशूट उघडेपर्यंत हाती जेमतेम मिनिटभर येते. म्हणजे माझ्या ६१ उड्यांचा सगळा फ्रीफॉल, पॅराशूट उघडण्याआधीचे ते मोकळे पडणे, एकत्र केला तरी तो तासाभराचा, आणि तोही कित्येक महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. तासभर पाण्यात राहिलेल्या माणसाला आपण पोहता येणारा म्हणणार नाही. टनेलमधले एक मिनिट म्हणजे एका उडीचा फ्रीफॉल, या हिशेबाने दोन दिवसांत ३० मिनिटे उडायचे मी ठरवले.

टनेलमागची कल्पना साधी आहे. पोटावर सपाट पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो. तेवढ्याच वेगाने खालून वर हवा सोडली, तर माणूस जागच्या जागी तरंगतो. प्रचंड पंख्यांनी खेळवलेली हवा दालनाच्या तळाशी ताणलेल्या जाळीच्या खालच्या अरुंद भागातून जाताना वेग घेते, आणि काचेच्या दालनाच्या वर मार्ग रुंदावत गेल्यामुळे मंदावते. म्हणून वर गेलेला माणूस वरच भरकटत राहत नाही, तो पुन्हा खाली येतो. अशा उभ्या वाऱ्यात माणूस पहिल्यांदा तरंगला तो १९६४ साली, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन हवाई तळावर; त्याचे नाव जॅक टिफनी. त्या प्रयोगातून पुढे एक स्वतंत्र खेळ उभा राहिला, इतका की २०१५ मध्ये प्राग येथे त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि आज केवळ टनेलमध्ये उडणारे, विमानातून एकदाही उडी न घेतलेले उत्तम खेळाडू तयार होत आहेत.

पहिल्या फेरीसाठी मी दालनाला लागून असलेल्या खोलीतल्या बाकावर बसले होते. जंपसूट, हेल्मेट, कानात बोळे. आत वाऱ्याचा आवाज इतका असतो की शब्दाला काही अर्थ उरत नाही. प्रशिक्षक बोटांनीच बोलतात. दोन बोटे सरळ केली की पाय लांब करायचे, तीच बोटे वाकवली की गुडघे वाकवायचे, आणि अंगठा व करंगळी पसरून हात हलवला की अंग सैल सोडायचे. मी दारातून पुढे झुकले, वाऱ्याने उचलून घेतले आणि पहिल्या चार-पाच सेकंदांतच माझी पावले मागच्या काचेवर आपटली. प्रशिक्षकांनी मला मध्यभागी आणले, मी पुन्हा मागच्या काचेवर गेले, तिसऱ्यांदाही तेच झाले.

आकाशात जे मला महिनोन्महिने दिसले नव्हते, ते त्या काचेने अर्ध्या मिनिटात दाखवून दिले.

कारण होते गुडघ्यांत. वाऱ्याचा जोर अंगावर आला की माझे गुडघे आपोआप दुमडत आणि टाचा पाठीकडे येत. पाय असे आखडले की शरीराच्या मागच्या भागाला वाऱ्याचा आधार कमी मिळतो, डोक्याकडची बाजू किंचित वर उचलली जाते, छातीखालची हवा पुढच्या बाजूने निसटते आणि शरीर मागे ढकलले जाते. पाय लांब केले की नडग्यांवर वारा येतो, तो मागच्या बाजूने निसटतो आणि आपण पुढे जातो. मला हे पुस्तकी ज्ञान आधीही होते. पाय सरळ आहेत अशी माझी मनोमन खात्री होती, आणि चित्रणात ते काटकोनाच्याही पलीकडे वाकलेले होते! शरीर आपल्याला स्वतःविषयी किती चुकीची माहिती देते, याचा इतका लख्ख पुरावा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतरच्या फेऱ्या दीड-दीड मिनिटांच्या होत्या, आणि त्या अवधीत एकाच गोष्टीवर लक्ष द्यायचे असे प्रशिक्षकांनी बजावले होते. त्यांनी माझ्या नडगीवर तळहात ठेवून हलकेच दाब दिला आणि त्या दाबाला पायाने उत्तर द्यायला सांगितले. तो स्पर्श माझ्या डोक्यातल्या सगळ्या सूचनांपेक्षा उपयोगी ठरला, कारण पायावर वारा लागतो म्हणजे नेमके काय होते हे त्वचेला प्रथमच कळले. बाराव्या मिनिटाच्या सुमारास मी जाळीच्या मध्यभागी, कोणाचाही हात न लागता स्थिर राहिले. मग डाव्या गुडघ्याची खोड उघडी पडली. तो उजव्यापेक्षा खाली राहत असे, त्यामुळे मी नकळत गोल फिरत असे आणि ते सावरण्यासाठी खांदे ताठ करत असे. खांदे ताठ झाले की सगळे अंग डगमगते. अंग सैल सोडण्याची खूण मला त्या दोन दिवसांत इतर कोणत्याही खुणेपेक्षा जास्त वेळा मिळाली.

माझ्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात चौघांचा एक संघ सराव करत होता. चौघांच्या या प्रकारात १६ साध्या रचना आणि २२ जोडरचना (ठरलेल्या हालचालीने जोडलेल्या दोन-दोन रचना) ठरलेल्या असतात, त्यांतून सोडतीने क्रम निघतो आणि ३५ सेकंदांत जितक्या रचना बिनचूक जुळतील तितके गुण मिळतात. त्यांच्याकडे पाहताना जाणवली ती हालचालींची काटकसर: कोणी झेपावत नव्हते, कोणी हात मारत नव्हते, पायाच्या इंचभर हालचालीने पुढे यायचे आणि पकड सोडण्यापूर्वीच नजर पुढच्या जागेवर ठेवायची, एवढेच चालले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विमानात बसले. ट्विन ऑटर जातीच्या त्या छोट्या विमानाला वर चढायला पंधरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो आणि त्या वेळात मी डोळे मिटून फक्त नडग्यांचा विचार केला. दारातून निघताना टनेल उपयोगी पडत नाही, हे मला सांगितले गेले होते. विमान पुढे धावत असते, म्हणून बाहेर पडताच वारा खालून नव्हे तर समोरून येतो. छाती विमानाच्या नाकाकडे ठेवावी लागते आणि मग दहाएक सेकंदांत तो वारा हळूहळू पोटाखाली येतो. तेवढा काळ मी थोडी हेलकावले. मग पायांवर ओळखीचा दाब आला, मी पाय लांब केले, आणि समोरचे तिघे जवळ येऊ लागले. मी त्यांच्यापर्यंत पोहोचले, हात धरला, वर्तुळ पूर्ण झाले. आम्ही ते सोडले, वळलो, पुन्हा जुळवले. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

त्याच आनंदात मी चुकले. आमचे ठरले होते की ५,००० फुटांवर सर्वांनी एकमेकांपासून दूर जायचे. समोरचे दोघे वळले तेव्हा मी अजून त्यांच्या हाताकडेच पाहत होते. हेल्मेटमधला उंचीचा इशारा वाजून गेल्याचे मला उशिरा उमगले आणि मनगटावरच्या उंचीमापकाकडे पाहिले तेव्हा काटा ४,४०० वर होता. सहाशे फूट म्हणजे सव्वातीन सेकंद. मी वळून शक्य तितकी दूर गेले, हात हलवून इशारा दिला आणि पॅराशूट उघडले. वर-खाली कोणी नव्हते म्हणून काही बिघडले नाही. तरीही जमिनीवर उतरल्यावर माझे हात थरथरत होते.

टनेलमध्ये जमीन वर येत नाही. तिथे फेरी संपली की दिवा लागतो, प्रशिक्षक दाराकडे बोट दाखवतात, आणि संपूर्ण लक्ष समोरच्या माणसावर आणि स्वतःच्या पायांवर ठेवण्याची मुभा असते. दोन दिवसांत ३० मिनिटे तसे उडल्यावर तीच सवय माझ्या अंगात मुरली होती. पॅराशूट हाताळणे, गटापासून वेगाने दूर जाणे, उतरण्याच्या जागेचा अंदाज घेणे, यांतले काहीच काचेआड शिकता येत नाही. पण उंचीचे भान हे त्याहून वेगळे आहे, कारण टनेल ते शिकवत नाही इतकेच नव्हे, तर असलेले भान बोथट करू शकते. ज्यांच्याकडे टनेलचे तास भरपूर आणि उड्या मोजक्या, त्यांच्याबद्दल अनुभवी लोक काळजीने का बोलतात, ते मला त्या दिवशी समजले. स्वयंचलित सुरक्षा यंत्र राखीव पॅराशूट उघडू शकते, हे खरे. पण ते ज्या उंचीला काम करते ती साडेसातशे फुटांच्या आसपासची असते, आणि तिथवर पोहोचण्याची वेळ कधीच येता कामा नये.

संध्याकाळी जमिनीवर चाकाच्या पाट्यांवर पालथे पडून आम्ही तोच क्रम पुन्हा केला, या वेळी एक बदल करून. प्रत्येक रचना पूर्ण झाली की पकड सोडण्याआधी मनगटाकडे पाहायचे आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा. सुरुवातीला त्यामुळे लय तुटत होती. दहा-बारा वेळा केल्यावर ती नजर हालचालीचाच भाग झाली.

चौथ्या दिवशी तीन उड्या झाल्या. शेवटच्या उडीत आम्ही पाच रचना जुळवल्या, मी एकदाही मागे राहिले नाही, आणि पाचवी सुटताना काटा ५,२०० वर असल्याचे मी स्वतः पाहिले. दोनशे फुटांनंतर आम्ही चौघे चार दिशांना वळलो. लॉगबुकात मी रचनांच्या संख्येआधी ते पाचही आकडे लिहिले: १०,४००, ९,१००, ७,८००, ६,५००, ५,२००.