हात घरी!

शाळेच्या जुबिलीच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा दोन दिवस मी टाळलंच. माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे, मेरिट नाही, गॅदरिंगमधलं नाटक नाही, 2000 सालची दहावी आणि 58 टक्के. मग म्हणलं चला, स्टेजखालच्या बॉक्सिंगच्या खोलीबद्दल लिहू, ती दुसरं कोणी लिहिणार नाही.

खडकीत वाढायचं म्हणजे आर्मीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (इंजिनिअर रेजिमेंटच्या) शेजारी वाढायचं, त्यामुळे क्रिकेट सोडून पण खेळ असतात हे आम्हाला जरा लवकर कळलं होतं, त्यात आपले पीटीचे सर आर्मीतून रिटायर होऊन आलेले. लेझीम, मोडके बाक, गणपतीचं थर्माकोल हे सगळं एका बाजूला सरकवून सरांनी त्या खोलीत छताच्या हुकाला एक पोतं टांगलं होतं. आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि थोडी वाळू. वाळू हळूहळू खाली बसायची, त्यामुळे वर मारलं तर गादी आणि खाली मारलं तर दगड, मनगट दोन दिवस दुखायचं. ग्लोव्हजच्या दोनच जोड्या, आतून कायम ओल्या, वास तर विचारूच नका.

मी आठवीत गेलो तिथे. गल्लीत मारामाऱ्या करून आलेला, त्यामुळे आपल्याला येतंच असं वाटायचं. पोत्याला असा बडवायचो की बाहेर व्हरांड्यात आवाज जायचा आणि मुली बघायला थांबायच्या (निदान मला तरी तसं वाटायचं). सर काही बोलायचे नाहीत. शनिवारी स्पारिंग, म्हणजे दोघांची सरावाची लढत, असायचं तेव्हा त्यांनी काय केलं, वर्गातून खडूचा चुरा आणला आणि दोघांच्या ग्लोव्हजना फासला. अंगात पीटीचं निळं बनियन. दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड झाले की समोरासमोर उभं करून एकमेकांच्या अंगावरचे पांढरे ठप्पे मोजायचे. सरांची एक वही होती, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी, दोन रकाने, ‘दिले’ आणि ‘घेतले’. माझा पहिला हिशोब मला अजून पाठ आहे, दिले 9, घेतले 14. आणि मला वाटत होतं मी जिंकलो!

भानगड कुठे होती ते सरांनी खडूनेच दाखवलं. मी जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारायचो तो सरळ जायचा, पण परत येताना डावा हात गालाकडे न येता झोका घेतल्यासारखा छातीवरून यायचा. तेवढ्या वेळात डावा गाल उघडा. समोरचा पोरगा काय हुशार वगैरे नव्हता, तो फक्त माझा जॅब यायची वाट बघायचा आणि वरून उजवा टाकायचा, चौदातले दहा तरी ठप्पे एकाच जागी होते, गालाखाली आणि डाव्या खांद्यावर. सरांच्या भाषेत गाल म्हणजे हाताचं घर. हात गेला की घरी यायला पाहिजे, गेला त्याच रस्त्याने आणि गेला त्यापेक्षा जोरात. मग ती आरोळी सुरू झाली, “हात घरी!” आणि दुसरा हात जो मारत नाहीये तो घर सोडूनच जायचा नाही. हात खाली पडला की सरांच्या हातातला टॉवेल थाड करून कानावर.

नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तर मला मारायची बंदीच केली. महिनाभर एकही पंच नाही. खिडकीच्या गजापासून समोरच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधली आणि तिच्या खालून डावीकडे उजवीकडे करत पुढे जायचं, परत मागे यायचं. गुडघ्यातून बसायचं, कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते आणि खालून अपरकट येतो. मांड्या भरून यायच्या, शाळेचा जिना उतरताना कठडा धरून उतरायचो. आणि समोरचा मारतोय आणि आपण नुसतं स्लिप (डोकं बाजूला काढणं), ब्लॉक (हातावर झेलणं), पॅरी (हाताने बाजूला ढकलणं) करायचं, हे किती जीवावर येतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

याच सुमारास, डिसेंबर 1998 ला, बँकॉकच्या एशियाडमध्ये आपल्या डिंको सिंगने बॉक्सिंगच्या 54 किलोत गोल्ड मारलं, फायनलला समोर उझबेकिस्तानचा तैमूर तुल्याकोव्ह. सरांनी पेपरचं कात्रण खोलीच्या दारावर चिकटवलं आणि वर म्हणाले नेव्हीचा आहे, पण चालेल.

महिना संपला आणि लगेच जिल्हा स्पर्धा. इथे माझी खरी फजिती झाली. मला आता वाचवायची इतकी चटक लागली होती की पहिल्या राऊंडमध्ये समोरच्याला धड एक लागू दिला नाही मी, आपली पोरं टाळ्या वाजवतायत, मी पण खूश, गार्ड घट्ट आणि आत मजेत बसलोय जणू. दुसरा पण तसाच. तिसऱ्यात लक्षात आलं की आपण अख्ख्या बाऊटमध्ये पाच-सहाच पंच टाकलेत. त्याचे बरेचसे माझ्या ग्लोव्हजवर आणि दंडावर गेले होते, त्याला पॉइंट नसतो, पण मधले थोडे तरी लागले होते आणि माझ्या बाजूला तेवढेही नव्हते. हरलो. पंचांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

परत येताना पीएमटीत सर शेजारी बसले होते, गप्प. मीच म्हणलं, सर, मुहम्मद अलीने पण तर असंच केलं होतं ना फोरमनला. ती गोष्ट सरांनीच सांगितली होती, 1974, किन्शासा, हेवीवेट वर्ल्ड टायटलची फाइट, अली रिंगच्या दोरांना टेकून मार खात राहिला आणि आठव्या राऊंडला दमलेल्या फोरमनला पाडलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अरे, त्याच्याकडे पंधरा राऊंड होते, तीन-तीन मिनिटांचे. तुझ्याकडे सगळी मिळून सहा मिनिटं. तुझ्यासमोरचा दमायच्या आत बेल वाजते. आणि अलीने मार खाल्ला तेवढंच तू ऐकलंस, दोरांना टेकून मध्ये मध्ये तोंडावर देत होता ते नाही ऐकलंस.”

नंतरचे तीन महिने जे शिकलो ते खरं बॉक्सिंग. वाचवणं आणि मारणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. समोरच्याच्या जॅबच्या बाहेर, आपल्या उजवीकडे स्लिप केलं की वजन आपोआप उजव्या पायावर येतं, म्हणजे उजवा हात आपोआप ताणलेला असतो, फक्त सोडायचा. डावीकडे गेलं की डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, तयार. सरांचा नियम होता दोन अडवले की एक द्यायचाच, तिसरा अडवत बसायचं नाही. आणि आपण दोन-तीन मारले की तिथे उभं राहायचं नाही, फोटो काढायला थांबलास काय रे, हे ठरलेलं वाक्य. मार्चमध्ये वहीत दिले 11, घेतले 6 लागलं तेव्हा सरांनी काही शाबासकी वगैरे दिली नाही, सहा कुठे कुठे लागले तेवढं दाखवलं.

पुढच्या वर्षी जिल्ह्याला सेमीपर्यंत गेलो, तिथे एक डावखुरा आला आणि सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं झालं, मस्त बडवलं त्याने. तिथेच माझं करिअर संपलं. आता भोसरीत मशीन शॉप आहे. मुलगी ज्या जिममध्ये जाते तिथे बॉक्सिंगच्या नावाखाली पोरं बॅगला बडवतात आणि रील काढतात, हात परत येताना पोटापाशी. मी दारात उभा राहून मनातल्या मनात ओरडत असतो.

गेल्या महिन्यात जुबिलीच्या मीटिंगला आलो तेव्हा ती खोली बघितली. आता तिथे खुर्च्या रचून ठेवल्यात, पण हुक आहे, त्याच्यावरून पिवळा ऑइलपेंट मारलाय. लटकून बघितलं, 84 किलोला हलला नाही. मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय, पोतं, सुतळी, ग्लोव्हज माझ्याकडून. खडू तुमच्याकडे असेलच.