तुम्ही विचारलंत म्हणून: हायवे सोडून गावांत कशाला शिरता?

लांबच्या सायकलदौऱ्याबद्दल बोलताना हा प्रश्न ठरलेला. गुळगुळीत हायवे असताना खेड्यापाड्यांतून कशाला जायचं? वेळ जातो, रस्ते खराब, वर चुकायची भीती.

वेळ जातो, कबूल. सामान लादलेली सायकल चांगल्या रस्त्यावर ताशी 15-20 किलोमीटर जाते, खडीवर जेमतेम 10. पण हायवेवर शेजारून ट्रक गेला की आधी हवेचा धक्का बसतो, मग ओढ. अख्खा दिवस मागचा आवाज ऐकण्यात जातो आणि संध्याकाळी सांगायला फक्त किलोमीटरचा आकडा उरतो.

गावात सायकल भिंतीला टेकवायचा अवकाश, बोलणं सुरू. सुरुवात माझ्यापासून होत नाही, सायकलपासून होते. कुणी अंगठ्याने टायर दाबून बघतं. कुणी कॅरिअरला धरून मागचं चाक उचलतं, पिशव्यांकडे बघतं आणि विचारतं, "एवढं घेऊन चढ चढता?" पोरांना घंटी हवी असते, ती त्यांना देऊन टाकावी. थॉमस स्टीव्हन्स 1884 मध्ये उंच चाकाच्या सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्यालाही जागोजागी लोक जमून सायकल चालवून दाखवायला लावत. त्याची चाकं भरीव रबराची होती. डनलॉपचा हवेचा टायर आला 1888 मध्ये. बिचाऱ्याची हाडं!

रस्ता विचारायची मात्र एक रीत आहे. "अमक्या गावाला हाच रस्ता ना?" असं विचारू नये, समोरचा भिडेखातर "हो" म्हणून मोकळा होतो. "हा रस्ता कुठे जातो?" असं विचारावं, आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी परत तेच. मोटारसायकलवाल्याच्या "दहा मिनिटं"वर तर मुळीच विसंबू नये. त्याच्या लेखी सगळे रस्ते सपाट असतात. चढ कुठे आहे ते डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्यालाच बरोबर ठाऊक.

तयारी म्हणाल तर जाड टायर, खडीवर हवा थोडी कमी, आणि व्हॉल्व्हचं अडॅप्टर. हे शेवटचं विसरू नका. काही सायकलींच्या ट्यूबला हवा भरायला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला मोटारसायकलचा पंप बसत नाही. पंप समोर असूनही टायर बसलेलाच राहतो. चिमूटभर पितळी तुकडा, पण त्याच्यावाचून अडतं. फ्रेम पोलादी असेल तर बरं, साधा वेल्डरही ती जोडू शकतो.

आणि कुत्री? हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. ती माणसापेक्षा पळत्या चाकामागे लागतात. थांबावं, उतरावं, सायकल मध्ये धरून शांतपणे चालावं. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. उतारावर एकवेळ निसटाल, पण भरलेल्या पिशव्या घेऊन चढावर शर्यत लावू नका.