पिसाकची रोजनिशी: कुत्रा, कोंबड्या आणि पाटाचं पाणी

२४ जून, मंगळवार

आज पेरूतल्या कुस्कोत इंती रायमी. इंका काळातला हा सूर्याचा उत्सव १९४४ साली नव्याने सुरू झाला आणि तेव्हापासून दरवर्षी साक्सायवामानच्या प्रचंड दगडी भिंतींपुढे होतो. जगभरातून लोक येतात. आम्ही दोघं तिथून तासाभराच्या अंतरावर पिसाक गावात आहोत, आणि उत्सव बघितला तो शेजारच्या आजींच्या टीव्हीवर. कारण संध्याकाळी अंधार पडायच्या आत खुराडं बंद व्हायला हवं, आणि आज कुस्कोहून परतीची गाडी मिळेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगेना.

सासूबाईंना हे दुसऱ्याचं घर राखणं काही केल्या पटत नाही. फोनवर परत तेच. "म्हणजे राखणदारच की गं तुम्ही!"

"हो आई, तसंच."

"पगार देतात?"

"नाही."

"जेवणखाण तरी?"

"ते आपलं आपण."

पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "माझ्या घराला कुलूप आहे सातारला. तेही सांभाळायला या कधीतरी."

घरमालक म्हणजे एक वयस्कर परदेशी जोडपं. इथेच स्थायिक झालेत, सध्या लेकीकडे युरोपात गेलेत. पैशाचा व्यवहार नाही. आम्ही त्यांचं घर राखायचं, त्यांनी आम्हाला ते राहायला द्यायचं. घर मातीच्या विटांचं, भिंती हातभर जाड. लाल कौलं, आणि आढ्यावर मातीचे दोन रंगीत बैल. घराच्या रक्षणासाठी असे बैल इथे घरोघर बसवतात. खाली चोक्लो नावाचा म्हातारा पिवळट कुत्रा, कोंबड्या, थोडी बाग आणि एक जाडजूड वही. वहीत सगळं लिहिलंय: चोक्लोची सांध्यांची गोळी कशात लपवायची, गॅसची दहा किलोची टाकी कुणाकडून आणायची, पाण्याच्या टाकीचा बॉल अडकला तर काय करायचं. मधेच एका पानावर तीन गोष्टी लाल शाईने: जुलैत झेंडा, पाण्याची पाळी, फाएना म्हणजे गावकीचं काम. शेवटच्याखाली दोन रेघा.

२६ जून

चोक्लोला पहाटे पाचला बाहेर जायचं असतं. थंडी अशी की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागतं. दक्षिण गोलार्धातला हा हिवाळा, कोरडा ठणठणीत. दिवसा स्वेटर काढून ठेवावा इतकं ऊन आणि रात्री बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. ऊनही उत्तरेकडून येतं. पहिले काही दिवस मी सवयीने दक्षिणेच्या खिडकीत खुर्ची टाकून कुडकुडत बसायचे.

आज फाटकाशी शेजारच्या आजी शाल लपेटून उभ्या होत्या, ईशान्येकडे मान वर करून. डोंगराच्या कडेवर कृत्तिकांचा पुंजका होता आणि त्याच्या वर ठळक शुक्र. आजींची स्पॅनिश माझ्याइतकीच मोडकी, त्यांची खरी भाषा केचुआ. त्यामुळे आमचं छान जमतं. त्यांनी बोटांनी दाखवलं: पुंजका मोठा आणि लख्ख दिसला तर पाऊस वेळेवर, बटाटा लवकर लावायचा. मिणमिणता दिसला तर थांबायचं.

मृगाने हूल दिली, आर्द्रा चांगल्या लागल्या, अशा बोलण्यात लहानाची मोठी झालेली मी. मला यात काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नंतर वाचताना. या ठोकताळ्याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि २००० साली तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये इथे खूप उंचावर पातळ ढग जास्त असतात. डोळ्यांना ते जाणवत नाहीत, पण कृत्तिका अंधुक करतात. आणि त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. म्हणजे आजी आकाशात जे बघत होत्या ते तारे नव्हेतच, ताऱ्यांपुढचा पडदा होता. लावणी पुढे ढकलायची ती त्यामुळे.

यंदा कशा दिसल्या, असं विचारलं. आजी म्हणाल्या, "बऱ्या आहेत." शेतकरी कुठलाही असो, याहून जास्त कबूल करत नाही.

१ जुलै

कुकरने वैताग आणला होता, आज तह झाला. हे गाव जवळजवळ तीन हजार मीटरवर. पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि मग कितीही जाळ लावा, त्याच्या पुढे जात नाही. उघड्या पातेल्यात वाटाण्याची डाळ दोन तास रटरटली आणि गोट्याच राहिली. कपाटात इथला कुकर सापडला. तो शिट्ट्या देत नाही. वरचं वजन एकसारखं फुसफुसत राहतं. जन्मभर 'तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर' या हिशेबावर स्वयंपाक केलेल्या बाईने आता घड्याळ लावून बसायचं. एक मात्र बरं, वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २२० व्होल्टची, त्यामुळे नवऱ्याचा दोन पिनांचा ट्रिमर कसलाही अडॅप्टर न लावता चालतो. त्याला याचा अभिमान आहे, जणू पेरू देशाने त्याच्यासाठीच सोय केली.

६ जुलै, रविवार, आषाढी

इथे उजाडलं तेव्हा पंढरपुरात दुपारचे साडेचार वाजून गेले होते. उपास करायचा हे ठरलेलंच होतं, पण साबुदाणा नाही, भगर नाही, जमेल कसं असं वाटत होतं. पिशवी घेऊन बाजारात गेले.

बटाटेवालीने मला आधी उलटतपासणीला घेतलं. उकडायचा की तळायचा? सुपात घालायचा? किसायचा म्हटल्यावर ती जरा विचारात पडली. वायरो नको, तो पिठूळ, तव्यात लगदा होईल. पेरुआनिता नुसता उकडून खायचा, त्याचे असे हाल करू नयेत. शेवटी गुलाबी सालीचा कान्चान दिला. आमच्याकडे बटाटा म्हणजे जुना की नवा एवढाच प्रश्न असतो. इथे वरच्या डोंगरात केचुआ गावांनी मिळून 'बटाट्याचं उद्यान' केलंय, त्यात हजारावर वाण जपलेत. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने आपल्या संग्रहातले वाण या गावांना परतही दिले.

पुढच्या पाटीत शेंगदाणे. त्याच्या पुढे रताळी. मिरचीच्या जागी रोकोतो: दिसायला छोटी ढोबळी, आत काळ्या कुळकुळीत बिया आणि तिखट अशी की कापल्यावर डोळ्यांजवळ हात नेण्याची सोय नाही. आणि कोपऱ्यात पारदर्शक पिशवीत ओळखीच्या पांढऱ्या बारीक लाह्या. किविचा, म्हणजे आपला राजगिरा. मी त्या बाईला 'हा आमच्याकडे देवाच्या दिवशी खातात' असं सांगितल्यावर तिने वर आणखी मूठभर घातला.

घरी येऊन ताट वाढलं: बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, रताळ्याच्या तुपातल्या फोडी, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. आणि मग लक्षात आलं की आपल्या उपासाचं जवळजवळ सगळं सामान या खंडांतलंच आहे. बटाटा याच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. इथल्या उत्तर किनाऱ्याजवळ सिपान इथे १९८७ साली मोचे या प्राचीन संस्कृतीतल्या राजाची कबर सापडली, तिच्यात सोन्याचांदीच्या शेंगांचा हार होता. रताळं, मिरची, राजगिरा सगळे अमेरिकेकडचे. सेलमहून येणारा साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला. इथे तो युका म्हणून जंगलाच्या बाजूने ट्रक भरून येतो. ज्ञानेश्वरांनी आणि नामदेवांनी यातलं काही पाहिलेलं असणं शक्यच नाही. त्यांच्या एकादशीला बहुतेक वरी, शिंगाडा, दूध, फळं असतील. पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या या परदेशी मंडळींना आपण धान्य समजलो नाही आणि 'उपासाला चालतं' म्हणून थेट देवघरात घेतलं. नवऱ्याचं म्हणणं, एकादशी दुप्पट खाशी व्हायला कोलंबस जबाबदार आहे.

सासूबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: "कोथिंबीर घातलीस का? आपल्यात उपासाला चालत नाही."

११ जुलै

झेंडा लावला. पेरूचं स्वातंत्र्य २८ जुलै १८२१ चं. त्यासाठी जुलैत घरोघरी लाल-पांढरा-लाल झेंडा लावायचा असतो, आणि न लावल्यास किंवा मळका लावल्यास नगरपालिका दंड करतात. आम्ही परदेशी, घरमालकही परदेशी, पण दंड घराला होतो, माणसाचा पासपोर्ट बघून नाही. मी इस्त्री केली, नवरा शिडीवर चढला, आणि गल्लीतली दोन पोरं खालून सूचना देत होती. चोक्लो सगळ्यांवर भुंकून घेत होता.

तो सोबत असला की लोक मला हाक मारतात. एकटी गेले तर मी बाजारातली आणखी एक पाहुणी, जिला लोकरीच्या टोप्या दाखवायच्या. या गावात रोज बस भरभरून लोक येतात, अवशेष बघतात, टोप्या घेतात आणि जेवायच्या आत पुढच्या गावाला जातात. माचू पिच्चूला जाणार का, असं घरून दर फोनला विचारतात. जाणं-येणं धरून एक रात्र मोडते आणि कुत्र्याला रात्री एकटं ठेवायचं नाही असं वहीत आहे. नाही जाणार. आधी जराशी रुखरुख होती, आता फक्त फोनवर समजावण्याचा कंटाळा आहे.

१७ जुलै, गुरुवार

पाण्याची पाळी. पहाटे तीन ते चार. मागच्या पाळ्यांना आजींचा मुलगा मदतीला होता. आज तो बटाटे गोठवून चुन्यो करायला वर डोंगरात गेला, म्हणून आमचं आम्हीच.

नवरा वाळवा तालुक्यातला, कॉलेजात असेपर्यंत उसाला दारं धरलेला माणूस. पुढे तीस-पस्तीस वर्षं ऑफिसात फायली धरल्या. पण काल संध्याकाळपासून त्याच्या अंगात जे काही आलं होतं ते बघण्यासारखं होतं. फावडं घासलं. पाटाच्या काठाने दोनदा फिरून आला. तीनला बाहेर पडलो तेव्हा डोक्याला बॅटरी, पायात मालकांचे दोन नंबर मोठे गमबूट. आमच्या वाट्याचं दारं म्हणजे एक सपाट दगड, त्याच्या कडेने मातीची ढेकळं आणि फटीत कोंबलेली प्लॅस्टिकची पिशवी. दगड सरकवला, पिशवी उपसली. पाणी आलं, पण बोटभर. वरच्या घराने आपलं दारं मोडलं नव्हतं, तीन वाजून गेले तरी.

भांडणाची ही जागा त्याला तोंडपाठ होती. भाषा फक्त नव्हती. तो वर गेला आणि अंधारातून दोन पुरुषांचे आवाज यायला लागले, एक केचुआमिश्रित स्पॅनिश आणि एक चक्क मराठी. "अहो घड्याळ बघा की, तीन वाजले, आमची पाळी सुरू झाली!" आवाज चढले, मग उतरले, मग हसू. पाच मिनिटांत लसूणघासाच्या वाफ्यात पाणी सळसळत शिरलं. परत आला तो विजयी मुद्रेने. काय बोललास, असं विचारलं तर म्हणे, "जे वाळव्यात बोललो असतो तेच."

त्या लसूणघासाचाही एक करार आहे. घास आजींनी कापून न्यायचा, त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर फिरणाऱ्या गिनीपिगांसाठी. बदल्यात आठवड्याला चीजचा एक गोळा आणि घरावर लक्ष. वहीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात चीज आलं आणि कळलं.

३ ऑगस्ट, रविवार

फाएना. पेरणीआधी पाट साफ करायचा, घरटी एक माणूस. न येणाऱ्याला दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे पाळीच्या वेळी ऐकून घ्यावं लागतं. नवऱ्याच्या कमरेने दगा दिल्यामुळे मी गेले. बायका बऱ्याच होत्या, त्यामुळे कुणी वळून बघितलं नाही. हजेरी घेणाऱ्याने मात्र वहीतून मान वर केली. घरमालकांचं परदेशी नाव मला त्याला समजेल असं उच्चारता येईना. मागून कुणीतरी ओरडलं, "चोक्लोच्या घरची!" त्याने तसंच लिहून घेतलं.

काठीने मापून प्रत्येकाला पाटाचा तुकडा नेमून दिला. माझ्या तुकड्यात गाळ, निलगिरीची मुळं आणि एक चप्पल. मी फावडं चालवत होते म्हणण्यापेक्षा फावडं मला चालवत होतं. शेजारच्या तुकड्यातल्या बाईने स्वतःचं संपवून न विचारता माझी मुळं तोडली. मधे कोकाची पानं फिरली. ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची, हे मी दुसऱ्यांचं बघून केलं. मग मक्याची चिचा. पहिला घोट जमिनीवर ओतायचा, पाचामामाचा म्हणजे धरणीमातेचा, आणि ऑगस्टात तर चुकवायचाच नाही. या महिन्यात धरती उघडी आणि भुकेली असते, असं मानतात.

जेवायला सगळ्यांनी आपापलं फडकं मध्ये पसरलं: उकडलेले बटाटे, मक्याचे टपोरे दाणे, चुन्यो, चीज, रोकोतोचं वाटण. मी दाण्याची चटणी नेली होती, लसूण घालून कुटलेली. डबा माझ्याकडे परत येईपर्यंत रिकामा झाला होता. एका काकांनी तळाशी राहिलेली चटणी बटाट्याने पुसून खाल्ली आणि पुढच्या फाएनाला जास्त आणायला सांगितलं. पुढची फाएना होईल तेव्हा आम्ही इथे नसू, हे मी काही बोलले नाही; मालकीणबाईंना कृती लिहून ठेवायला हवी. वहीत फाएनाच्या पानावर अजून जागा आहे.

हाताला फोड आलेत. नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथा पडलाय आणि मला फावडं कसं धरायचं ते सांगतोय. गुरुवारी पुन्हा पाळी, तीनलाच.