तुम्ही विचारलंत म्हणून: ते सर्टिफिकेट मी का घेतलं

"एवढं सगळं होऊनही तू ती इंटर्नशिप पूर्ण केलीस? वर सर्टिफिकेटही घेतलंस?"

मैत्रिणी विचारतात, मावशी विचारते, हल्ली कॉलेजच्या ज्युनियर मुलीही विचारायला लागल्या आहेत. मी दरवेळी "अगं, क्रेडिट होती ना" म्हणून विषय बदलते. खेळाचं मॅनेजमेंट शिकताना केलेल्या त्या इंटर्नशिपबद्दल आता एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या लग्नात निदान जेवताना तरी मला सोडाल.

आधी किरकोळ प्रश्न उरकते. स्टायपेंड? जाण्यायेण्याचे पैसे आणि दुपारी जेवणाचं पाकीट. फुकट मॅचेस? नाही हो. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये पुण्याजवळ गहुंज्याला भारत-बांगलादेश सामना होता, तेव्हा अर्ध्या नातेवाइकांनी मला पाससाठी फोन केले होते. कोहलीचं ते शतक मी घरच्या सोफ्यावर बसून पाहिलं. "तू स्वतः काय खेळतेस?" चौथीपर्यंत लिंबू-चमचा. हॉस्पिटलचं व्यवस्थापन शिकणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुला स्वतःला कुठला आजार आहे, मग मलाच का?

आणि "खेळाचं कसलं आलंय मॅनेजमेंट?" हा खास मावशीचा. तिच्या डोळ्यांसमोर आयपीएलचा लिलाव असतो. मावशी, बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथेच २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल झालं, २०१९ मध्ये खेलो इंडिया. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी खोल्यांच्या याद्या केल्या, बस मोजल्या, चेस्ट नंबर पाकिटात भरले, कुठल्या जिल्ह्याचं पथक किती वाजता जेवणार ते ठरवलं. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. मोठ्या स्पर्धांना त्यासाठी कंपन्या नेमतात. छोट्या स्पर्धांना रजा टाकून आलेले पीटीचे सर, जुने खेळाडू आणि आमच्यासारखी इंटर्न मुलं असतात. माझ्या वाट्याला छोट्या आल्या. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, आणि त्या तासांच्या वहीवर दर आठवड्याला सही लागायची.

आता ते "एवढं सगळं".

वयोगटाची अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होती, पुण्यातल्याच एका मैदानावर. मैदानाचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. मला कॉल रूमला बसवलं होतं. कॉल रूम म्हणजे आमच्याकडे मांडव, दोन टेबलं आणि एक दोरी. शर्यतीच्या आधी मुलींनी तिथे यायचं. मी यादीवर टिक करायची, चेस्ट नंबर ताडून बघायचा, बुटांचे स्पाइक ९ मिलिमीटरच्या वर नाहीत ना ते पाहायचं, मग सगळ्यांना रांगेने ट्रॅकवर न्यायचं. टेबलावर पिनांचा डबा होता आणि त्याच्यावर माझ्याच अक्षरात कागद चिकटवलेला: "काम झाल्यावर पिना परत कराव्यात." आदल्या दिवशी पिना संपल्या होत्या म्हणून.

मुलींची आठशे मीटर छापील वेळापत्रकात १०.४० ला होती. सकाळी समजलं की बक्षीस समारंभाचे पाहुणे लवकर येऊन लवकर जाणार आहेत, म्हणून दोन-तीन शर्यती अलीकडे घेतल्या. आठशे मीटर १० वाजता. पथकांच्या मॅनेजरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर मेसेज गेला. माइकवरूनही एकदा पुकारलं, पण त्या वेळी बँडची तालीम चालू होती.

मी टिक करत होते. एका नावापुढे रिकामं राहिलं. यादी स्टार्टरकडे, म्हणजे शर्यत सोडणाऱ्याकडे गेली, पहिली हीट (धावणाऱ्या मुलींची पहिली तुकडी) सुटली, आणि तेवढ्यात ती मुलगी आली. पळत नव्हे, चालत. तिच्या हिशेबाने ती वेळेच्या आधीच आली होती. सातपुड्याकडच्या एका तालुक्यातली. आदल्या रात्री पथकाबरोबर वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरून एका शाळेच्या वर्गात झोपलेली, हे मला नंतर कळलं. चेस्ट नंबर तिने स्वतःच लावलेला होता, चारही कोपरे आत दुमडून, वाऱ्याने फडफडू नये म्हणून. छापील वेळापत्रकाचा कागद हातात होता. तिने तो माझ्यापुढे धरला आणि १०.४० वर बोट ठेवलं. तिचे सर मैदानाच्या पलीकडे लांब उडीच्या खड्ड्याशी, दुसऱ्या मुलाबरोबर. फोन बॅगेत.

आठशे मीटर टाइम्ड फायनल होती. म्हणजे तीन हीट पळणार आणि सगळ्यांच्या वेळा एकत्र लावून नंबर काढणार. तिसऱ्या हीटमध्ये जागा होती. मी कॉल रूमच्या प्रमुखांकडे गेले आणि हेच सांगितलं: सर, तिसरी हीट अजून सुटायची आहे, हिला त्यात घेता येईल. ते म्हणाले, "यादी गेली. एकीला घेतलं की दहा जणी येतील." मी म्हटलं, वेळ आपणच बदलली. ते म्हणाले, "मेसेज टाकला होता ना?" मी पुन्हा सांगितलं. मग ते आवाज न चढवता म्हणाले, "बाळा, तुझं काम टिक करायचं आहे."

दुसरी हीट गेली. ती दोरीपाशी उभीच. तिसरीही गेली, आम्ही दोघींनी ती तिथूनच पाहिली. नंतर तिने वाकून चेस्ट नंबर सोडवला. एकेक पिन काढून बंद करून तळहातावर ठेवली आणि हात माझ्यापुढे केला. "ताई, या पिना."

निकालपत्रकावर तिच्या नावापुढे डीएनएस छापलं. म्हणजे धावायला उतरलीच नाही. दुपारी निकालपत्रकं फोटोकॉपी करून वाटायचं काम माझ्याकडेच होतं. वाटली.

इथे लोक म्हणतात: तू भांडली का नाहीस? भांडले की. दोनदा सांगितलं, वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. आरडाओरडा केला नाही, हे खरं. पण टीशर्ट घातलेल्या इंटर्नने मांडवात आरडाओरडा केल्यावर तिसरी हीट थांबली असती असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखादी स्पर्धा भरवून बघावी.

खरा त्रास पुढे आहे. त्या रात्री मी जागतिक अ‍ॅथलेटिक्सचे तांत्रिक नियम उघडले. कॉल रूमला वेळेत न आलेल्या खेळाडूला त्या शर्यतीतून वगळायचं आणि डीएनएस लावायचं, हे त्यात आहेच. पण पुढे खुलासा आहे: खेळाडूच्या हातात नसलेलं कारण असेल, उदाहरणार्थ आयोजकांच्या वाहतुकीतली अडचण किंवा कॉल रूमच्या जाहीर वेळापत्रकातली चूक, तर रेफरी ते मान्य करून खेळाडूला उतरू देऊ शकतो. रेफरी. कॉल रूमचा प्रमुख नव्हे. आमचा रेफरी तेव्हा अंतिम रेषेजवळ छत्रीखाली बसलेला होता, मांडवातून दिसत होता. त्याला कोणी विचारलंच नाही.

"तुला हे आधी माहीत असायला हवं होतं," असं माझा एक वर्गमित्र अजून म्हणतो. इंटर्नला पहिल्या दिवशी टीशर्ट देतात, गळ्यात घालायचं कार्ड देतात. नियमांचं पुस्तक कोण देतं? आणि ज्या प्रमुखांना ते माहीत असायला हवं होतं, ते पहाटे पाचपासून उभे होते. शाळेतून रजा काढून आलेले, मानधन म्हणावं तर लाज वाटावी इतकं. त्यांच्यावर माझा राग होता, आहे. पण "दहा जणी येतील" हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याच सकाळी एक पालक मुलाला चुकीच्या वयोगटात घुसवायला दीड तास भांडून गेला होता. नियम थोडा सैल केला की पहिला फायदा अशाच माणसाला होतो, शांतपणे पिना परत करणाऱ्या मुलीला होत नाही.

तर मग पूर्ण का केली?

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं होतं की आत राहून बदलता येतं. फार छान वाटलं होतं ते वाक्य. आज त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, विचारावंसं वाटतं: काय बदललंस? उरलेले तास तू निकालाच्या टेबलावर नावांचं स्पेलिंग तपासत काढलेस. खरं कारण एवढंच की सोडली असती तर सेमिस्टर अडकलं असतं, आणि फी बाबांनी सोसायटीकडून कर्ज काढून भरली होती. पण तेव्हाची मी लगेच उलट विचारते: कारण साधं असलं म्हणून ते कारण नाही का? सोडून मी कुणाला काय दाखवणार होते? पिना परत करणाऱ्या त्या मुलीला तर कळलंही नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कॉलेजच्या अहवालात मी लिहिलं, "वेळापत्रकातील बदलांचे व्यवस्थापन जवळून अनुभवता आले." हे वाक्य खोटं नाही. गाइड मॅडमनी त्याच्याखाली हिरव्या शाईने "छान" लिहिलं. पुढे बाणेरच्या एका इव्हेंट कंपनीत मुलाखत झाली. कठीण प्रसंग कसा हाताळलास ते सांग म्हणाले, तेव्हा मी टीशर्टच्या साइझ चुकून आल्याचा किस्सा सांगितला. सगळे हसले. नोकरी मिळाली. सर्टिफिकेट फाइलमध्ये सगळ्यात वर होतं, आणि ते त्यांनी पाहिलं. तेव्हा सर्टिफिकेटचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

ज्युनियर मुलींनो, इंटर्नशिप करा किंवा नका करू, माझ्याकडे सल्ला नाही. केलीत तर रेफरी कुठे बसतो ते सकाळीच बघून ठेवा.

यंदा त्याच स्पर्धेसाठी मला फोन आला होता. या वेळी इंटर्न म्हणून नाही, कॉल रूम सांभाळायला. मैत्रीण म्हणाली, तू जाणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस. मी हो म्हटलंय. मानधन आधी ठरवून घेतलं, आणि एक अट घातली: वेळ बदलली तर प्रत्येक पथकाच्या मॅनेजरला फोन करायचा, मेसेजवर भागवायचं नाही, आणि तेवढ्यासाठी एक माणूस वेगळा द्यायचा. पलीकडून "बघू" म्हणाले.